वीस आणि साडेपाच

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. नीट पोहोचलो, गाडी वेळेवर होती, डबा संपवला. खुशालीचा विषय इथेच संपवू, कारण मला तुला रसायनशास्त्राचा एक प्रश्न विचारायचा आहे. फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि हा प्रश्न लांब वाक्यांचा आहे.

कारखान्यात मी ज्या खोलीत बसतो तिला मास्टर रूम म्हणतात. तिथे नेमकं काय असतं हे तू नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. मखमलीच्या खाचा असलेली एक लाकडी पेटी असते. तीत पोलादाचे सत्त्याऐंशी गुळगुळीत चौकोनी ठोकळे असतात, त्यांना स्लिप गेज म्हणतात. प्रत्येकाची जाडी ठरलेली आणि अचूक. खाली शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं चालतात तिथे, जे काही मोजलं जातं, ते शेवटी या पेटीवरून ताडून घेतलेलं असतं. हवं ते माप करायला दोन-तीन ठोकळे एकमेकांना जोडतात. त्याला ना डिंक लागतो, ना स्क्रू. नीट पुसायचे, एकावर एक आडवे ठेवायचे आणि दाबून फिरवत सरकवायचे. बसतात चिकटून. एक उचलला की दुसरा बरोबर येतो. काम झालं की लगेच सोडवायचे, पुसायचे, तेलाचा हात फिरवून आपापल्या खाचेत ठेवायचे. जोडलेले तसेच ठेवून घरी जायचं नाही. हा नियम दारावर लावलेला आहे.

परवा कामावर येऊन पेटी उघडली, तर वीस मिलिमीटरचा आणि साडेपाचचा ठोकळा एकमेकांना जोडलेले. हाताने सुटेनात. मी नानांसाठी रजा घेऊन निघालो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. माझ्यामागे खोली चष्मेवाल्यांकडे होती. चष्मेवाले म्हणजे आमचे सीनियर, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर, म्हणून हे नाव. माणूस देवासारखा, पण जूनमध्ये रिटायर होताहेत आणि हल्ली विसरतात.

२ मार्चला बाहेरून तपासनीस येतो. पेटीतला एकेक ठोकळा तपासून सर्टिफिकेट देतो. तर प्रश्न असा. हे ठोकळे कशाने चिकटतात? जास्त दिवस राहिले तर जास्त चिकटतात का? आणि सुटतील कसे?

नानांची तब्येत कळव.

बारक्या


११ फेब्रुवारी

बारक्या,

नऊ वर्षं विचारलं नाही म्हणे. तू तरी कधी विचारलंस, कॉलेजात मी काय शिकवते? आज गरज पडली तेव्हा बहीण मास्तरीण असल्याचं आठवलं. असो. फुकटच्या शिकवणीला माझी ना नाही.

कुठलेही दोन रेणू पुरेसे जवळ आले की एकमेकांना ओढतात. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत इकडेतिकडे झुकत असतात. एक क्षणभर एका बाजूला झुकला की शेजारचाही त्याला धरून झुकतो, आणि दोघांत थोडी ओढ तयार होते. पुस्तकात याला आंतररेण्वीय बल म्हणतात. मुलं परीक्षेत हा शब्द लिहितात आणि पेपरबरोबर तो तिथेच सोडून येतात. ही ओढ फार दुबळी असते आणि तिचा पल्लाही अगदी तोकडा. केसाच्या जाडीचे लाख भाग केलेस तर त्यातल्या एखाद्या भागाइतका. म्हणून कप टेबलाला चिकटत नाही. आपल्याला गुळगुळीत दिसतं ते रेणूंच्या हिशेबाने डोंगरदऱ्यांचं असतं. एकमेकांना टेकतात ती फक्त शिखरं.

तुझे ठोकळे इतके सपाट घासलेले असतात की कोट्यवधी रेणू एकदम समोरासमोर येतात. एकेकाची ताकद नगण्य, पण सगळे मिळून सोडत नाहीत. पाल छताला उलटी चालते तीही याच जोरावर. वर्गात पाल म्हटलं की निदान मागचा बाक जागा होतो. शिवाय तू पुसलास तरी ठोकळ्यावर तेलाचा नाहीतर ओलाव्याचा अगदी पातळ थर राहतोच. तोही दोघांना धरून ठेवतो.

आता दिवसांबद्दल. हो, फरक पडतो. तो थर हळूहळू बाजूला जातो, कुठेतरी गंज धरतो, आणि काही ठिकाणी धातूला थेट धातू लागतो. मग तिथे नुसती ओढ उरत नाही. कुठला अणू वीसचा आणि कुठला साडेपाचचा, हे अणूंना माहीत नसतं. तेवढ्या जागेत तो एकच तुकडा होतो. तसं झालं असेल तर सोडवताना ओरखडा येणारच.

सरळ ओढू नकोस. ओढलंस तर सगळ्या रेणूंशी एकाच वेळी भांडावं लागतं. सरकव, म्हणजे थोड्याथोड्यांशी भांडशील. आधी रॉकेलमध्ये बुडवून ठेव. दोन्ही सारखे कोमट होऊ देत. आणि मुख्य म्हणजे ते किती दिवस जोडलेले होते ते कळव. त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

नाना बरे आहेत. दोन्ही वेळा जेवतात, वर्तमानपत्रातल्या चुकांवर पेनाने खुणा करतात.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तीन दिवस रॉकेलमध्ये ठेवले. रॉकेल बदललं, पुन्हा ठेवले. हलत नाहीत. जोर लावायची छाती होत नाही.

किती दिवस, ते नक्की सांगता येत नाही. चष्मेवाल्यांनी कधी जोडले ते मला कसं कळणार? पेटी कुणी कधी वापरली त्याचं कार्ड असतं, त्यावर नोंद नाही.

प्रकरण साहेबांपर्यंत गेलं आहे. मी काही बोललो नाही. साहेबांनी दोघांना बोलावून विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हणालो, मी रजेवर होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं. चष्मेवाले बराच वेळ कपाळावरचा चष्मा चाचपत राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडून राहिलं म्हणा." साहेब म्हणाले, म्हणा नको, लिहून द्या. अजून त्यांनी लिहून दिलेलं नाही. १ तारखेपर्यंत मुदत आहे. लिहून दिलं की त्यांच्या सर्व्हिस बुकात शेरा येणार आणि रिटायर होईपर्यंत त्यांना स्टोअरमध्ये बसवणार. एकतीस वर्षं ते या खोलीत आहेत. आम्हां सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या गोण्या मोजायच्या असतात.

त्यांना वाईट वाटतंय का, ते कळत नाही. डबा खातात, घड्याळ लावून डुलकी घेतात. मला मात्र जेवण जात नाही. का ते विचारू नकोस. उन्हामुळे असेल.

आणखी एक. माझ्या रजेला कागद लागणार आहे. नानांना काय झालं होतं, ते डॉक्टरांच्या सहीचं लिहून घे आणि पाठव. आठवणीने.

बारक्या


२१ फेब्रुवारी

बारक्या,

फेब्रुवारीत उन्हामुळे जेवण जात नाही हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुझी दोन्ही पत्रं मी नानांना वाचून दाखवली. दुसरं ऐकून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तो आला त्या दिवशी मला काय सांगत होता, आठवतं का तुला?" मला आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं. तू उशाशी बसून म्हणाला होतास, "नाना, पंपाचा दांडा मोजायचं गेज तपासत होतो, साडेपंचवीसचं. ताईचा फोन आल्यावर तसंच अर्धं टाकून पळालो."

वीस आणि साडेपाच. बेरीज मलाही येते.

म्हणजे चष्मेवाल्यांनी कधी जोडले हे तुला कळणं शक्यच नव्हतं, कारण त्यांनी ते जोडलेलेच नाहीत. ते १२ जानेवारीच्या दुपारी तू जोडलेस. तू ४ फेब्रुवारीला हजर झालास. तेवीस दिवस झाले. माझ्या प्रश्नाचं उत्तर माझं मीच काढलं, तुझे मार्क कापले.

मी रागावलेली नाही. माणूस घाबरतो. पण दोन पत्रांत तू त्या माणसाला आधी देव म्हणालास, मग विसरभोळा म्हणालास, आणि आता तो गोण्या मोजायला निघाला तरी तू रजेवर होतास. तेव्हा १ तारखेच्या आत साहेबांकडे जा.

कागदाचं नंतर बघू.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

हो. मीच.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. पण तू न्यायाधीश झालीच आहेस, तर माझी बाजूही ऐक. मी ठोकळे जोडून मापाला लावत होतो. गेटवरून निरोप आला, घरून फोन आहे, तातडीचा. तू म्हणालीस, "नाना जमिनीवर पडलेत, डोळे उघडत नाहीत, तू निघ. उशीर केलास तर भेट होणार नाही." हे तुझे शब्द. खोलीत परत आलो, जोडलेले ठोकळे होते तसे पेटीत ठेवले, झाकण लावलं आणि पळालो. गाडीत सात तास मी काय काय मनात आणलं ते तुला सांगणार नाही. ठोकळ्यांचा विचार त्यात नव्हता. नंतर तिकडे असताना आठवण झाली, पण तुझ्याकडचं वातावरणच असं होतं की फोन करून ठोकळ्यांबद्दल बोलायची लाज वाटली. मी दोनदा निघायचं म्हटलं, दोन्ही वेळा नानांना पुन्हा चक्कर आली.

परत आलो तेव्हा वाटलं होतं, गुपचूप सुटतील आणि विषय मिटेल. सुटले नाहीत. मग चष्मेवाले बोलून गेले आणि मी गप्प बसलो. गप्प बसणं एकदा जमलं की पुढे सोपं जातं, हे मला नव्याने कळलं.

जाईन साहेबांकडे. पण मला आधार म्हणून तो कागद पाहिजेच. बाप मरणाच्या दारात होता म्हणून चूक झाली, असं म्हटलं तर कदाचित खोली राहील. साहेबांनाही वडील आहेत. म्हणून डॉक्टरांचं पत्र ताबडतोब पाठव. तिसऱ्यांदा मागायला लावू नकोस.

बारक्या


२६ फेब्रुवारी

बारक्या,

कागद नाही, आणि मिळणारही नाही.

१२ तारखेला दुपारी दोन वाजता नाना न्हाणीघराच्या दारात पडले, हे खरं. डोळे उघडत नव्हते, हेही खरं. मी तुला फोन केला तेव्हा एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता. तीन वाजता डॉक्टर आले. तोवर नाना उठून बसले होते आणि डॉक्टरांनी पायातली चप्पल दाराबाहेर काढली नाही म्हणून त्यांच्यावर खेकसत होते. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली असणार, पाणी पाजा, झोपू द्या. त्यांनी लिहून दिलं ते फक्त गोळीचं नाव.

तुझी गाडी सातची होती. माझ्याकडे चार तास होते. फोन समोर होता. मी केला नाही.

का, ते सांगते. पुन्हा विचारू नकोस. तू दोन वर्षांत आला नव्हतास. दर वेळी काहीतरी काम असायचं, आणि शनिवारी तू मुद्दाम मागून ड्यूटी घ्यायचास, हे मला माहीत होतं. मी कॉलेज करते, घर करते, नानांचं सगळं करते. त्या दुपारी ते पडले तेव्हा मी त्यांना उचलू शकले नाही. नुसती शेजारी बसून राहिले. मला एकटीला जमत नव्हतं रे. तू येणार आहेस हे कळल्यावर इतकं हलकं वाटलं, की 'येऊ नकोस' म्हणायला तोंडच उघडेना. मग तू आलास, घरात दुसऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज आला, आणि मी आणखी एक दिवस, आणखी एक दिवस करत राहिले. नानांच्या पुढच्या दोन चकरा खोट्या होत्या. तू निघायचं म्हटलंस की ते पांघरूण ओढून घ्यायचे. त्यांना मी सांगितलं नव्हतं. ते आपणहून सामील झाले, आणि कामही बेतास बात केलं. तुला संशय आला नाही, यावरून तू किती घाबरला होतास ते कळतं. त्याचं मला वाईट वाटतं. तुझी माफी मागते.

सोबत तुमच्या साहेबांच्या नावाने एक पत्र जोडलं आहे. बहिणीने खोटी भीती घालून भावाला बोलावून घेतलं आणि तेवीस दिवस अडकवून ठेवलं, त्याचा यात दोष नाही, असं सहीनिशी लिहिलं आहे. ते दे. माझी अब्रू तुमच्या कारखान्यात कुणाला ठाऊक आहे? गेली तरी चालेल.

ताई


८ मार्च

ताई,

तुझं पत्र २८ तारखेला मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तू नानांच्या शेजारी जमिनीवर बसलेली दिसलीस आणि राग टिकला नाही. प्रयत्न करून पाहिला.

१ तारखेला सकाळी साहेबांकडे गेलो. चष्मेवाले आधीच तिथे होते, समोर कोरा कागद, हातात पेन. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी काढलं नाही. रात्रभर विचार केला होता. तू फोन केलास, चार तास गप्प राहिलीस, नंतर मला अडकवून ठेवलंस, हे सगळं धरलं तरी ठोकळे सोडवून पुसून ठेवायला दोन मिनिटं लागतात. गाडी सातची होती. ती दोन मिनिटं माझ्याकडे होती. आणि परत आल्यावर पंचवीस दिवस मी गप्प राहिलो, ते तर तू मला सांगितलं नव्हतंस. पत्र परत पाठवतो आहे. फाडून टाक.

साहेबांना म्हणालो, "मी जोडले होते. तसेच ठेवून गेलो. आणि आल्यावर लपवलं."

साहेब काही बोलायच्या आत चष्मेवाल्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "साहेब, मी दुसऱ्याच दिवशी पाहिले होते."

"काय पाहिले होते?"

"ठोकळे. १३ तारखेला पेटी उघडली तेव्हाच. जोडलेले होते."

"मग सोडवले का नाहीत?"

आमच्या खोलीत एक रीत आहे, ताई. कुठेही लिहिलेली नाही, चष्मेवाल्यांनीच पाडलेली आहे. ज्याने जोडले त्यानेच सोडवायचे. कारण त्याचं माप अर्धवट असतं, कसे पुसले, कसे बसवले ते त्यालाच माहीत असतं. दुसऱ्याच्या जोडणीला आम्ही हात लावत नाही. त्यांनी साहेबांना तेच सांगितलं. "याचं काम अर्धं राहिलेलं. घरचं बोलावणं. म्हटलं, उद्या येईल आणि पुरं करील."

साहेब म्हणाले, "तेवीस दिवस?"

"रोज उद्याच म्हणत होतो," चष्मेवाले म्हणाले. "रोज पेटी उघडून बघायचो. माझ्या नियमापायी ठोकळे अडकले. म्हणून राहिलं माझ्याकडूनच, असं म्हणालो. खोटं नव्हतं ते."

मी तिथे उभा होतो. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. मी त्यांना विसरभोळं ठरवत होतो, आणि ते तेवीस दिवस एकही दिवस विसरले नव्हते.

साहेबांनी दोघांनाही बाहेर पाठवलं. तासाभराने निकाल आला. चष्मेवाल्यांना तोंडी समज, खोली जूनपर्यंत त्यांच्याकडेच. मला लेखी मेमो आणि सोमवारपासून स्टोअर. मास्टर रूममध्ये यापुढे फक्त परवानगीने. साहेब एवढंच म्हणाले की चूक कुणाचीही होते, पण मोजणाऱ्याने लपवलं तर मोजण्याला अर्थ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनीस यायच्या आधी चष्मेवाल्यांनी ते ठोकळे घेतले. कापडात गुंडाळून दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ते अर्धा तास नुसते खुर्चीत बसून राहिले. मग ठोकळे आडवे धरून अंगठ्याने हळूहळू सरकवत नेले. सुटले. साडेपाच ठीक निघाला. वीसच्या अंगावर नखाएवढा खडबडीत डाग होता, तू म्हणाली होतीस तसा. तपासनीसाने भिंगातून पाहिलं आणि यादीतून वीसवर काट मारली.

स्टोअर वाईट नाही. धूळ आहे, माणसं गप्पिष्ट आहेत. शनिवारी पूर्ण सुट्टी असते, आणि इथे मागूनही ड्यूटी मिळत नाही. या शनिवारी येतो. पुढच्याही. नानांना उचलायचं कसं ते दोघं मिळून डॉक्टरांकडून शिकून घेऊ. तुला एकटीला जमत नाही, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मी आपण होऊन विचारलं नसतं.

काल नवा वीस आला. सगळा माल आधी स्टोअरला येतो, म्हणून आवक पुस्तकात सही मीच केली, आणि मास्टर रूमला पोचवायचं कामही माझंच. छोटी डबी, मेणकागदात गुंडाळलेली. जिना चढून दारावर टकटक केली आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला नाही. मी डबी पुढे धरून तसाच उभा.

म्हणाले, "साहेबांना मी विचारून ठेवलंय. साडेपंचवीसचं गेज अजून तपासायचं राहिलंय. हात धुऊन आत या."

बारक्या